पा दिन घाटातून उतरणारा तांदूळ

व्हिएतनामची राजधानी हनोईहून विमान तासाभरात वायव्येच्या डोंगरांतल्या दिएन बिएन फूला पोहोचवते. तरीही जाताना मी साडेचारशे किलोमीटरचा रस्ता धरला, कारण मला पा दिन घाट डोळ्यांनी पाहायचा होता. १९५४ सालच्या पूर्वार्धात याच घाटातून, फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्य चळवळीच्या सैन्यासाठी तांदूळ आणि दारूगोळा वर चढत होता आणि फ्रेंच विमाने घाटावर बाँब टाकत होती. दिवसा रस्ता उखडला जायचा, रात्री माणसे तो बुजवायची आणि पुन्हा वाहतूक सुरू व्हायची. एका वळणावर उतरून मी खाली पाहिले, तेव्हा इथून रिकाम्या हातानेही चढणे सोपे नाही, हे लगेच लक्षात आले.

घाट ओलांडून काही तासांनी, दिएन बिएन फू जिथे वसले आहे ते मुओंग थान्हचे खोरे दिसते. चहूबाजूंनी डोंगर, मधून वाहणारी नाम रोम नदी आणि नजर पोहोचेल तिथवर भाताची खाचरे. माझे आजोळ मावळातले, त्यामुळे एप्रिलअखेर दाणा भरत आलेल्या लोंब्या पाहून मला परक्या देशात आल्यासारखे वाटलेच नाही. २० नोव्हेंबर १९५३ रोजी याच खाचरांत फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले. लाओसकडे जाणारी वाट अडवायची आणि व्हिएत मिन्हला उघड्यावर लढायला भाग पाडायचे, असा सेनापती आंरी नावार यांचा बेत होता. या डोंगरांवर शत्रूला जड तोफा चढवता येणार नाहीत आणि एवढ्या दूर मोठे सैन्य पोसता येणार नाही, अशी फ्रेंचांची खात्री होती. तोफा दोरखंडांनी, माणसांच्या बळावर वर ओढल्या गेल्या. सैन्य कसे पोसले, ते गावातल्या संग्रहालयात पाहायला मिळते.

तिथे एक सायकल ठेवली आहे. हँडलला बांबू बांधून ते बाजूला लांबवले आहे आणि बैठकीमागे दुसरा बांबू उभा रोवला आहे. एका हाताने तोल सांभाळायचा, दुसऱ्याने ढकलायचे. या सायकलीवर बसायचे नसते. दोनशे किलो आणि कधी त्याहून कितीतरी अधिक ओझे अशी एकेक सायकल नेई, आणि अशा वीस हजारांवर सायकली या मोहिमेत होत्या. तिच्याइतकीच मला खिळवून ठेवणारी वस्तू म्हणजे थान्ह होआ प्रांतातल्या एका शेतकऱ्याची लाकडी एकचाकी ढकलगाडी. तिचे चाक फळ्या जोडून केलेले आहे आणि त्यातली एक फळी त्याच्या घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्याची आहे. मी त्या फळीसमोर बराच वेळ उभी होते. आपल्या घरात टाकाची पूजा होते. ते देवघर मोडून त्याचे चाक करायला माणसाच्या मनात काय घडावे लागत असेल, याचा विचार काही केल्या सुटत नव्हता.

त्याचे उत्तर मला तांदळातच सापडते. १९४४-४५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये भीषण दुष्काळ पडला. पूर आले होतेच. पण जपानी आणि फ्रेंच सत्तांनी धान्य सक्तीने उचलले होते आणि भाताच्या जमिनीत तागासारखी पिके घ्यायला लावली होती. लाखो माणसे उपासमारीने गेली. त्या काळात व्हिएत मिन्हने धान्याची कोठारे फोडून तांदूळ वाटला आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे नेते हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा ती आठवण ताजी होती. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आले. आपण कोणाच्या शेतासाठी ओझे वाहतो आहोत, हे घाट चढणाऱ्याला ठाऊक होते. मात्र त्याच जमीनसुधारणेत निरपराध माणसांचे बळीही गेले आणि १९५६ मध्ये नेतृत्वाला चुका जाहीरपणे कबूल कराव्या लागल्या, हेही सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडे एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो, की व्हिएतनाम शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून लढाई शिकला. मला त्याला कोठेही आधार मिळालेला नाही. शिवाय दिएन बिएन फू हा वेढा होता. व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल व्हो न्ग्वेन झ्याप यांनी २६ जानेवारी १९५४ रोजी झटपट हल्ल्याचा बेत ऐनवेळी रद्द केला आणि तोफा मागे घेऊन सावकाश, खंदक खणत पुढे सरकण्याचा निर्णय घेतला. चीनने शस्त्रे आणि सल्लागार दिले होते, तर फ्रान्सच्या खर्चाचा मोठा भाग अमेरिका उचलत होती. १३ मार्चला सुरू झालेली लढाई ७ मेला, छप्पन्नाव्या दिवशी फ्रेंचांच्या शरणागतीने संपली.

फ्रेंचांचे ठाणे असलेल्या ए-१ टेकडीवर, शरणागतीच्या आदल्या रात्री भुयारातून जवळजवळ एक टन स्फोटके उडवली गेली तो खड्डा अजून आहे. आता त्याच्या कडेने गवत वाढले आहे. समोरच्या दफनभूमीत ६४४ थडगी आहेत आणि त्यांतल्या फक्त चौघांची नावे थडग्यांवर कोरता आली. मी निनावी दगडांच्या ओळींमधून चालत होते, तेव्हा शाळकरी मुले प्रत्येक थडग्याशी उदबत्ती लावत होती.

जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारांनी देश सतराव्या अक्षांशावर विभागला. त्यांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरू हनोईला येऊन गेले. ठरलेल्या निवडणुका मात्र झाल्या नाहीत. अमेरिकेशी झालेले युद्ध १९७५ मध्ये संपले आणि देश एक झाला, तरी पोट भरेना. सामूहिक शेतीत कसणाऱ्याचा जीव रमत नव्हता आणि १९८६ मध्ये महागाईचा दर सातशे टक्क्यांच्या वर गेला. त्या डिसेंबरात 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण आले. माझ्या मते त्याचा खरा कणा १९८८ चा निर्णय होता, ज्याने जमीन पुन्हा कुटुंबांकडे कसायला दिली. तोवर तांदूळ आयात करणाऱ्या या देशाने पुढच्याच वर्षी दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला. कॉफी, १९९५ मधील आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे सदस्यत्व, मोबाइल फोनचे प्रचंड कारखाने हे सारे त्यानंतरचे.

परतताना मी रात्रीची बस धरली. ती सुटण्यापूर्वी दोन तरुण तिच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात पोती रचत होते. हनोईच्या बाजारात दिएन बिएनच्या तांदळाला चांगली मागणी असते. एक पोते शिवणीतून थोडे उसवले होते. त्यातल्या एका तरुणाने सांडलेले दाणे ओंजळीत गोळा केले, पुन्हा आत ओतले आणि तोंड सुतळीने बांधले. मध्यरात्रीनंतर पा दिनच्या उतारावर जाग आली, तेव्हा बस हळूहळू वळणे घेत खाली चालली होती.