पोकळ सुळक्याच्या गावी

फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडीतल्या एत्रता गावच्या किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटेच. करड्या रंगाचे, गुळगुळीत, मुठीत मावतील एवढे. लाट परत जाताना त्यांना खाली ओढते आणि सुपात शेंगा पाखडल्यासारखा आवाज होतो. डावीकडे समुद्रात शिरलेला पांढराशुभ्र कडा आणि त्याला आरपार पडलेली कमान. आपल्याकडे राजगडावर जसं नेढं आहे तसंच, पण याच्या खालून बोट जाईल. नेढ्याच्या पलीकडे पाण्यात एकटाच उभा टोकदार सुळका. फ्रेंच लोक त्याला 'एग्विय' म्हणतात, म्हणजे सुई. या सुळक्यासाठीच मी पॅरिसहून इथवर आले होते.

शाळेत असताना वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून रात्री चादरीत शिरून वाचायचे. झुंजारवर जीव जडला तो कायमचा. त्याच ओढीनं पुढे फ्रेंच लेखक मोरीस लब्लांचा आर्सेन ल्युपँ हाती आला. टॉप हॅट घालणारा, हसत हसत तिजोऱ्या फोडणारा सभ्य चोर. भाची पॅरिसला शिकते. तिला म्हटलं, "मला आयफेल टॉवर नको, एत्रताला ने." साँ-लाझार स्टेशनवरून ल हाव्रपर्यंत रेल्वे, तिथून पुढे बस. शेवटच्या वळणानंतर गाव एकदम समोर येतं. उतरल्या उतरल्या आधी समुद्र पाहिला आणि मग लब्लांचं घर शोधायला निघालो.

घराचा पत्ता वाचून मला भरूनच आलं : 15, गी द मोपासाँ मार्ग. लब्लांचं दुखणं या पत्त्यातच आहे. त्याचा जन्म 1864 साली रुआँ शहरातला, म्हणजे थोर कादंबरीकार फ्लोबेरच्या गावचा. बाप जहाजांचा मालक. मुलाला लोकर पिंजण्याची साधनं बनवणाऱ्या कारखान्यात चिकटवलं, तर तो तिथे बसून चोरून लिहायचा. त्याला व्हायचं होतं फ्लोबेर, मोपासाँ. माणसाच्या मनाचा तळ ढवळणाऱ्या कादंबऱ्या लिहायच्या होत्या, आणि त्या त्यानं लिहिल्याही. समीक्षकांनी बरं म्हटलं, वाचकांनी मात्र पाठ फिरवली. चाळिशी गाठली तरी ओळख कसली, तर नटी आणि गायिका जॉर्जेत लब्लांचा भाऊ.

1905 साली पिएर लाफीत या प्रकाशकानं 'झ से तू' मासिकासाठी एक रंजक गोष्ट मागितली. लब्लांनं ल्युपँ लिहिला, आणि पहिल्याच गोष्टीच्या शेवटी त्याला अटकही करवली. एक गोष्ट दिली, काम झालं! वाचक मात्र वेडे झाले. सांगतात, की प्रकाशकानं आणखी गोष्टी मागितल्या तेव्हा हा म्हणाला, "अहो, पण तो तुरुंगात आहे." त्यावर उत्तर आलं, "मग पळवा त्याला." खरं-खोटं देव जाणे, पण दुसऱ्या गोष्टीत ल्युपँ तुरुंगात बसून चोरी करतो आणि तिसऱ्या गोष्टीत निसटतो, हे मात्र पुस्तकात आहे. पुढची पस्तीस वर्षं लब्लांची काही त्याच्या हातून सुटका झाली नाही. म्हातारपणी त्यानंच लिहिलं, की ल्युपँ माझी सावली नाही, मीच त्याची सावली आहे.

लाकडी पट्ट्यांच्या नक्षीचं हे नॉर्मन धाटणीचं घर त्यानं 1918 साली विकत घेतलं आणि नाव ठेवलं 'क्लो ल्युपँ'. लब्लांचं नव्हे, ल्युपँचं! 1999 पासून इथे संग्रहालय आहे. कानाला यंत्र लावायचं आणि खोल्यांमधून फिरायचं. वेषांतराचं सामान, हॅटी, काळा डगला, सगळं मुलांना आवडेल असं मांडलंय. मी मात्र लिहिण्याच्या खोलीत रेंगाळले. पुस्तकांच्या भिंती, लाकडी टेबल, खिडकीतून येणारा मंद उजेड. दूरचित्रवाणीवरच्या नव्या मालिकेमुळे 2021 पासून ल्युपँचं नाव पुन्हा गाजतंय. आमच्या पुढची मुलं टोपीसोबत फोटो काढत होती. टेबलापाशी कुणी थांबत नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

कारण ल्युपँ मोठा असेल तर तो या टेबलामुळे. 1909 ची 'एग्विय क्रझ' ही ल्युपँची कादंबरी घ्या. एका चिठ्ठीवर आकडे आणि टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे एक व्यंजन, आणि 1 ते 5 हे आकडे म्हणजे पाच स्वर. बोत्रले नावाचा शाळकरी पोरगा त्यातून 'एग्विय क्रझ' हे दोन शब्द काढतो.

"मावशी, क्रझ म्हणजे पोकळ," भाची म्हणाली, "पण क्रझ नावाचा एक जिल्हाही आहे, फ्रान्सच्या मध्यावर."

तीच तर गंमत! पोरगा त्या जिल्ह्यात जातो, तिथे खरोखरच एग्विय नावाचा वाडा सापडतो, आणि आपणही निश्चिंत होतो. मग कळतं, की तो वाडा राजानं मुद्दाम दिशाभूल करायला बांधलेला. खरी 'पोकळ सुई' इथे, समुद्रात. तिच्या पोटात फ्रान्सच्या राजांचा खजिना, आणि ल्युपँनं आणून ठेवलेली अस्सल मोनालिसा. पुस्तक आलं 1909 ला, आणि 1911 मध्ये लूव्रमधून मोनालिसा खरोखरच चोरीला गेली.

दुपारी कड्यावर चढलो. पायऱ्या, मग गवतातली पायवाट. वारा एवढा, की ओढणी कमरेला खोचावी लागली. वाटेत 'शांब्र दे दमुआझेल', मुलींची खोली, म्हणजे कड्यातली एक लहानशी गुहा. पुस्तकातली वाट इथूनच उघडते. बोत्रलेला इथल्या जमिनीवर कोरलेली दोन अक्षरं सापडतात. मी खाली वाकून पाहिलं. नव्हती, अर्थातच. तरी दोनदा पाहिलं.

तिथून सुळका अगदी समोर. खडूसारखा पांढरा दगड, त्यात गारगोटीचे काळपट आडवे थर. किनाऱ्यावरचे गोटे याच गारगोटीचे, कडा झिजून खाली पडलेले. सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्या डोळ्यांना हा दगड किती ठिसूळ वाटतो! शिखराभोवती पक्षी घिरट्या घालत होते. सुळका भरीव आहे, हे मला माहीत होतं. तरी भाचीला विचारलं, "ते वरचं भोक दिसतंय का, खिडकीसारखं?" तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हो, दिसतंय."

लब्लां 1941 साली गेला, लढाईच्या धामधुमीत, इथून दूर दक्षिणेला पेर्पिन्याँमध्ये. या घरात तो परत आलाच नाही.

उतरण्यापूर्वी गुहेच्या भिंतीवर हात टेकवला. तळवा पांढरा झाला. बसमध्ये पुस्तक उघडलं तेव्हा ती पांढरी पूड मुखपृष्ठावर लागली. अजून आहे.