तुम्ही विचारलंत म्हणून: पान ओकचंच कशावरून?

लग्नात, फोनवर, परवा तर दाताच्या डॉक्टरनेही विचारलं: दगडातल्या एका पानावरून झाड ओकचं हे कळतं कसं, आणि ती जात नामशेष झाली हे छातीठोक कसं सांगता? (आईला तर ओक म्हणजे आडनावच वाटतं.) एकदाच लिहून टाकतो. छातीठोक सांगत नाही. आता नाही.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात फॉसिल (म्हणजे जीवाश्म) नावाचंच गाव आहे. तिथल्या व्हीलर हायस्कूलमागच्या टेकडीत सुमारे 3.3 कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा राखमिश्रित गाळ आहे. पैसे भरून कुणीही खणावं, थोडे नमुने घरी न्यावेत. या भागातल्या अशाच गाळांत क्वेर्कस कन्सिमिलिस हा नामशेष ओक सापडतो. पान लांबट, आणि प्रत्येक आडवी शीर थेट कडेच्या एका दात्यात संपते. एक शीर, एक दाता. मी एवढंच पाठ केलं होतं.

पहिल्याच दिवशी सुरीने पापुद्रा उचकटला तर आत तपकिरी पान. अर्धंच, देठाकडचा भाग गायब. पण शिरा दात्यांत जात होत्या ना! पुण्याला गेलो तेव्हा बाबांना दिलं. त्यांनी फ्रेम केली, खाली पितळी पाटी लावली, सोसायटीत घरोघर दाखवलं.

वर्षभराने मी त्याचाच फोटो एका जाणकार बाईंना दाखवला. त्यांनी मोठा करून कडेवर बोट ठेवलं. दोन मोठ्या दात्यांमध्ये बारीक दाते होते आणि शिरेला टोकाआधी फाटे फुटले होते. "आल्डर," एवढंच म्हणाल्या. म्हणजे ओक नव्हेच, दुसरंच झाड. इतक्या वेळा पाहिलेला फोटो, पण मी दाते मोजलेच नव्हते. मोठे तेवढे दिसले, कारण मला ओक हवा होता.

म्हणजे सगळा अंदाजपंचेच का? नाही हो! शिरा खोटं बोलत नाहीत. पण चेस्टनटच्या पानातही एक शीर, एक दाता असतो. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं सारखी नसतात. जुन्या अभ्यासकांनी अशा फरकांवरून वेगवेगळ्या जाती करून ठेवल्यात. फांदीला पान आणि ओकचं वाटीतलं फळ एकत्र सापडलं तर प्रश्नच मिटतो. तसं क्वचितच सापडतं. "आज अशी जात कुठे नाही" हेही आपण पाहिलेल्या झाडांशी ताडूनच म्हणतो.

तेव्हाचा मी हे वाचून चिडला असता. मग नाव द्यायचंच नाही का? द्यायचं. मी आजही देतो, पेन्सिलीने.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. पाटी काळी पडलीय, नवी करतोय, स्पेलिंग सांग.

सांगितलं. ओकचंच.