वाळू ओली होती, पण कुणी बोललं नाही

परवा कामावरच्या एका नवीन पोरानं विचारलं, सर, लीडर व्हायला मोठा आवाज लागतोय का ओ? त्याला तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हंजे लोखंड वितळवून साच्यात ओतून कास्टिंग बनवायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. खानापूरकडच्या गावातनं बेळगावात आलो तेव्हा पहिला जो सुपरवायझर भेटला तो सगळ्यांसमोर ओरडायचा आणि काम पटापट व्हायचं, त्यामुळं मला वाटलं हीच पद्धत. माझ्या हाताखाली माणसं आली तसं मीपण तेच सुरू केलं. आवाज चढवला की लोक गप बसतात, आणि गप बसले की आपल्याला वाटतंय ऐकतायत.

मग एकदा कास्टिंगचा अख्खा टेंपो कस्टमरकडनं परत आला. ब्लो होल, म्हंजे पीसच्या आत राहिलेली भोकं. फाउंड्रीत नसलेल्यांसाठी सांगतो, साच्याच्या वाळूत साधारण 3-4 टक्के पाणी ठेवतात, ते जास्त झालं की 1300 डिग्रीच्या वरचं लोखंड आत पडल्याबरोबर त्या पाण्याची वाफ होते आणि बाहेर निघायला वाट मिळाली नाही तर आतच अडकते. वरनं पीस चकाचक दिसतो, हात फिरवला तरी कळत नाही, तिकडं मशीनवर चढवून टूल आत गेल्यावर भोक उघडं पडतं. म्हंजे मटेरियल गेलं, वीज गेली, गाडीभाडं गेलं, वर कस्टमरचं मशीनिंगपण गेलं.

वाळू बघणारे काका बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे, वयानं माझ्या वडलांएवढे. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला त्या दिवशी कळलं नव्हतं का? काका खाली बघत म्हणाले, "बैतीरी अंत हेळलिल्ल री." तुम्ही शिव्या द्याल म्हणून सांगितलं नाही. म्हंजे मुठीत वाळू दाबल्या दाबल्या त्यांना कळलं होतं! आदल्याच आठवड्यात लाइन थांबवली म्हणून मी त्यांना पोरांच्या देखत वाट्टेल ते बोललो होतो, मग ते परत कशाला सांगतील. रात्री झोप लागली नाही मला.

दुसऱ्या दिवशी ज्या पोरांसमोर बोललो होतो त्यांच्याचसमोर काकांची माफी मागितली. एकांतात मागितली असती तर माझं सोपं झालं असतं, पण अपमान चारचौघांत केला होता.

नंतर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून विचारायला लागलो, आज कुठं अडचण दिसते? पहिले बरेच दिवस कोण तोंड उघडेना. सगळ्यात अवघड काम म्हंजे प्रश्न विचारून झाल्यावर आपण गप राहणं, कारण शांतता झाली की आपलीच जीभ वळवळते. कन्नडमध्येपण विचारतो, माझं कन्नड मोडकं आहे पण "ऊट आतेन्री?", जेवण झालं का, म्हटलं की माणूस सैल होतो. चूक झाली तर माणसाला बाजूला घेऊन बोलायचं, आणि कुणी लाइन थांबवली तर आधी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, तपास नंतर. लाइन विनाकारण थांबली असंपण झालंय, तरी हेच म्हणायचं, नाहीतर पुढच्या वेळी तो थांबवणार नाही.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे ना, तिथनं जाताना हल्ली वेगळंच मनात येतं. 1924 च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी, काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी तेवढं एकदाच घेतलं, आणि त्यांचं बोलणं तर हळू. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था उभी केली आणि येणाऱ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून ही विहीर खणली. भाषणं किती जणांना आठवतात माहीत नाही, विहीर अजून आहे. त्या पोराला आता हेच दाखवायला नेणार आहे.

घरात मात्र मला हे अजून जमत नाही. आपण गडीमाणसं दोस्तांबरोबर चहाच्या गाड्यावर मॅच, पेट्रोल, जागेचे भाव सगळं बोलतो, पण कुणाचा हप्ता थकलाय, कुणाला नोकरीची भीती वाटते हे कधी निघत नाही, आणि घरी आलं की फक्त ऑर्डर. बायको एकदा म्हणाली, इथं शिफ्ट नाही लावायची हं. लागलं ते मला.

काल गाडी लावताना पोरगा जिन्यातच थांबला होता. गणितात 14 पडले म्हणाला, पेपर पाठीमागं धरलेला. तोंडात आलं होतं, गिळलं. कुठं अडलं, एवढंच विचारलं आणि तिथंच पायरीवर बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग पेपर पुढं केला, म्हणाला, बाबा हे तिसरं गणित मला कळतच नाही, आणि वरनं हिची हाक आली जेवायला, तरी आम्ही बसलोच होतो.