तुम्ही विचारलंत म्हणून: ही पुस्तकं वाचता तरी का?

माझ्या कपाटात आहेत कलाकार-लेखकांनी पुस्तकाच्या रूपाशीच खेळ करून बनवलेली पुस्तकं. ती बघितली की लोक हमखास विचारतात, ही असली पुस्तकं वाचता का नुसतीच जमवता? वाचतो हो, पण डोळ्यांपेक्षा हातांनीच जास्त.

फ्रेंच लेखक रेमाँ केनोचं १९६१ चं पुस्तक घ्या. १० सुनीतं, प्रत्येकात १४ ओळी, आणि प्रत्येक ओळीची कापून वेगळी पट्टी केलेली. कुठलीही पट्टी उलटा, नवं सुनीत तयार, यमक बिघडतच नाही कारण दहाही सुनीतांची यमकं त्याने आधीच जुळवून ठेवलीत. एकूण कविता किती, तर कोटी गुणिले कोटी! म्हणजे हे पुस्तक लेखकासकट कोणीच पूर्ण वाचलेलं नाही, मग मलाच का विचारता? पट्ट्या मात्र नाजूक, एक उचलायला जावं तर खालच्या दोन सोबत येतात. त्यामुळे हात धुवून, कोरडे करून बसायचं. ग्लोव्हज घालून तर अजिबात नको, कागद कळतच नाही.

फ्रेंच लेखक गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर योर्न यांनी १९५९ मध्ये एका पुस्तकाला चक्क पॉलिश पेपरचं कव्हर घातलं, शेजारची पुस्तकं खरवडली जावीत म्हणून. माझ्याकडे नाहीये ते, आणि बरंच आहे.

माझा खरा जीव अमेरिकन चित्रकार एड रुशेवर. १९६३ मध्ये त्याने २६ पेट्रोल पंपांचे साधे फोटो छापले, सोबत फक्त पंपाचं नाव आणि गाव, किंमत तीन-साडेतीन डॉलर. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, ते पुस्तक नको म्हटलं तर पठ्ठ्याने 'आर्टफोरम' या कलाविषयक मासिकात त्याचीच जाहिरात केली! मग १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची प्रत्येक इमारत, घड्यांची एकच पट्टी, उघडली की साडेसात मीटर. एका बाजूच्या इमारती सरळ, समोरच्या उलट्या, त्यामुळे जमिनीवर पसरायचं, एका कडेने रांगत जायचं आणि दुसऱ्या कडेने परत यायचं. काचेच्या पेटीत ठेवलेली प्रत अशी कशी वाचणार?

म्हणून संग्राहकांना हव्या असतात त्या नंबर घातलेल्या, सही केलेल्या प्रतींच्या मागे मी लागत नाही. पंपांच्या पुस्तकाच्या पहिल्या ४०० प्रतींना नंबर घातले ते चुकलंच, असं रुशे स्वतःच नंतर म्हणाला, आणि १९६९ ला त्याने ३००० छापल्या. मला त्यातलीच हवी, कोपरे दुमडलेली चालेल. नंबरवाली कोणी फुकट देत असेल तर... बघू.