एवढ्या उन्हात चामड्याचे हातमोजे कशाला?

"डॉक्टर, एवढं ऊन तपून राह्यलं अन् तुम्ही हे चामड्याचे मोजे काहून घालता?" यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस-आर्णीकडच्या ज्या गोठ्यासमोर मोटारसायकल लावतो, तिथं हे कोणी ना कोणी विचारतंच. आता तर गावातली पोरंही विचारतात, कोणते घ्यायचे, किती नंबरचे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट सांगतो.

माझं काम गाईम्हशी भरवायचं, कृत्रिम रेतनाचं. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळपर्यंत भरावी लागते. वेळ टळली तर पुढच्या माजासाठी शेतकऱ्याला एकवीस दिवस थांबावं लागतं. म्हणून मागं गोठवलेल्या वीर्याचा, द्रव नायट्रोजनचा कॅन बांधून ऊन असो की पाऊस, निघावंच लागतं. गोठ्यात पोचलो की पुढचं सगळं काम हाताचं. डावा हात आत घालून बोटांनी गर्भाशयाचं मुख धरायचं आणि उजव्या हातानं गन, म्हणजे वीर्य सोडायची लांब नळी, पुढं सरकवायची. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांना जे कळेल तेच खरं.

तो डावा हात आठ वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोडला. पांदणीतून ट्रॅक्टर डांबरीवर चढला होता आणि त्याच्या चाकांची काळी माती वळणावर पसरली होती. रात्री पाऊस झालेला. आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते, हे तुम्हाला मी काय सांगू. वेग तीस-पस्तीसचा असेल. मागचं चाक सरकलं आणि काही कळायच्या आत दोन्ही हात रस्त्यावर टेकले. पडणारा माणूस हात पुढं करतोच, ते काही ठरवून होत नाही. हातात उन्हासाठीचे सुती मोजे होते. ते तळव्यावर पहिल्याच घासणीत फाटले. दवाखान्यात सिस्टरनं ब्रशनं तळव्यातली गिट्टीची कच काढली, तेव्हा मी खाटेची दांडी धरून ओरडलो होतो.

कातडी महिन्याभरात आली. दुखणं राहिलं ते अंगठ्याच्या बुडाशी. तिथं स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं छोटं हाड असतं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, पंधरा दिवसांनी काढलेल्यात चीर दिसली. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा, त्यात तो उलट्या बाजूनं येतो, म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. माझे तीन महिने प्लास्टरमध्ये गेले. त्या दिवसांत किती गाई रिकाम्या राहिल्या असतील, याचा हिशेब आजही मनात येतो. म्हणून कोणी हातमोजे दाखवले की मी सगळ्यात आधी तळवा उलटा करून बघतो. बोटांच्या सांध्यांवरचं टणक कवच सगळ्यांना दिसतं, कारण दुकानदार तीच बाजू वर ठेवतो. मार मात्र आधी बसतो तळहाताच्या टाचेवर, मनगटाच्या अलीकडे. तिथं चामड्याचा दुहेरी थर हवा आणि जमलं तर गुळगुळीत टणक पट्टीही हवी. नुसतं चामडं रस्त्याला धरून बसतं आणि अंगाचा सगळा भार मनगट मागं मोडतो. ती पट्टी असली की हात घसरत पुढं जातो.

दुसरी गोष्ट मनगटाच्या पट्ट्याची. हातमोजा घाला, पट्टा आवळा आणि दुसऱ्या हातानं बोटांची टोकं धरून जोरात ओढा. निघून आला तर तो कितीही महागाचा असो, परत ठेवा. पडताना तो असाच निघणार आणि रिकामा हात रस्त्याला लागणार.

मापासाठी आमच्याकडं सुतळी असतेच. अंगठा सोडून, चार बोटांच्या बुडाशी तळहाताभोवती ती गुंडाळा आणि पट्टीवर इंच मोजा. आठ इंच भरलं तर साधारण आठ नंबर. तरी कंपनीचा तक्ता बघाच, माप कंपनीगणिक थोडं बदलतं. घालून बघताना हात काउंटरवर सपाट ठेवू नका. बाहेर आपल्या गाडीवर बसून मूठ आवळा, क्लच दाबा, हॉर्न आणि इंडिकेटरचं बटण चाचपा. मुठीत बोटांची टोकं आत दाबली गेली तर वीस किलोमीटरवर ती बधिर होतील. तळव्यात चामड्याची घडी गोळा होत असेल तर तिथं फोड येईल. नवा हातमोजा थोडा घट्ट असावा, कारण चामडं रुंदीत सैलावतं. लांबीत फारसं वाढत नाही, म्हणून बोटं आखूड असलेला घेऊ नये. बोटं आधीच किंचित वाकवून शिवलेली असतील तर उत्तम, मूठ धरून धरून हात भरून येत नाही.

चामडं बकरीचं मला सगळ्यात पटलं. पातळ असून चिवट असतं आणि त्यातून क्लच कळतो. गाईम्हशीचं जाड, मजबूत, पण पहिले काही आठवडे कडक लागतं. मेंढीचं मऊ असतं, पण रस्त्यावर घासलं की लवकर फाटतं. चामड्याच्या नावानं रेक्झिनही विकतात. कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याची कड तंतूंची, रेक्झिनची मागं कापडाची असते. शिवण तळव्यावर दुहेरी हवी आणि बोटांच्या टोकांशी आतून टोचता कामा नये. आत लेबल असतं, तेही वाचा. ईएन १३५९४ हे मोटारसायकलच्या हातमोज्यांचं युरोपचं मानक आहे. त्याच्या खुणेत १ किंवा २ आकडा असतो, २ म्हणजे जास्त मजबूत. केपी ही अक्षरं असली तर सांध्यांवरचं कवच आदळण्याच्या चाचणीत उतरलेलं असतं.

आता उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. तेव्हा चालत्या गाडीवर हाताला लागणारी हवा अंगापेक्षा गरम असते, उघड्या हाताला गारवा मिळतच नाही. मी बोटांच्या बाजूला आणि वरच्या अंगाला बारीक छिद्रं असलेले घेतो. तळव्याला छिद्रं नकोत. घाम येतो, नाही म्हणत नाही, पण लू थेट लागत नाही आणि हँडलची पकड सुटत नाही. जो हातमोजा टोचतो, तो दुसऱ्या आठवड्यापासून आरशाला लटकतो. म्हणून सुखाचा असणं हे माझ्या लेखी संरक्षणातच मोडतं.

एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या पोरांसाठी. हे हातमोजे घालून नायट्रोजनच्या कॅनमध्ये काम करू नका. ते उणे १९६ अंशांचं असतं. घट्ट हातमोज्यात शिरलं तर झटकन काढता येत नाही आणि आतल्या आत कातडी जाळतं. त्याचे सैल हातमोजे वेगळे मिळतात.

पावसात चामडं भिजलं तर पिळू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, कडक होऊन तडकतं. बोटांत कागदाचे बोळे घालून सावलीत, वाऱ्याला टांगा. घामाचं मीठ साचलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळलं की चामड्याचं क्रीम थोडंसं लावायचं. खोबरेल थापू नका, त्यावर आपल्या रस्त्यांची सगळी धूळ बसते. माझी आताची जोडी चौथ्या वर्षात आहे. उजव्या अंगठ्याची शिवण उसवली होती, ती बाजारातल्या चांभारकाकांनी मेण लावलेल्या दोऱ्यानं घालून दिली. तळव्याची शिवण उसवली असती तर मात्र नवीनच घेतले असते.