म्हशीचा गूळ

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. निम्मं काम बीपी आणि शुगरचं. आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात, मी बोटाला सुई टोचते, गोळ्या देते आणि बोलते. बोलते जरा जास्तच.

त्या दिवशी अकराच्या सुमारास आशाताईंचा फोन आला. "मॅडम, मशीन घिऊन या. तात्या कायबी बोलाय लागल्यात. घरची म्हणत्यात, प्यालंय."

तात्यांचं वय 64, शुगर नऊ वर्षांची. मेटफॉर्मिन चालू, बरोबर ग्लिमेपिराइड, दोन्ही शुगरच्याच गोळ्या. गळ्यात तुळशीची माळ. पोचले तर थोरला मुलगा दारात उभा राहून ओरडत होता, "माळ घालून हे धंदे!" तात्या पायरीवर बसलेले. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हात थरथरतायत. माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्के, कवा आलीस?" त्यांची आक्का जाऊन बरीच वर्षं झालीत.

शेतकऱ्याच्या बोटाला सुई एकदा मारून भागत नाही. दुसऱ्यांदा थेंब आला. मशीनवर 41. सत्तरच्या खाली गेली की आम्ही शुगर उतरली म्हणतो, ही तर कुठल्या कुठं गेली होती.

"साखर आणा, लवकर!"

कुणी हलेना. साखर कारखान्याच्या सभासदाचं घर ते, साखरेला काय तोटा? पण ती कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सुनेच्या कमरेला आणि सून बचत गटाच्या कामाला बँकेत. मुलगा कुलूप तोडायला पहार शोधायला लागला. मी आशाताईंना शेजारी पिटाळलं.

तेवढ्यात खांबामागनं नातू हळूच म्हणाला, "म्हशीचा गूळ हाय."

म्हैस व्यायली होती, तिच्या घुगऱ्यांसाठी गोठ्यात गूळ आणून ठेवलेला. पोरगं पळत गेलं आणि पेंडीच्या पोत्यामागची पिशवी घेऊन आलं. ढेपेला एका बाजूनं दातांच्या खुणा होत्या, आणि त्या म्हशीच्या नव्हत्या. "आज्जा रोज खातोय. सांगू नगं म्हणलाय."

आवळ्याएवढा गूळ फोडून पाण्यात कालवला आणि घोटघोट पाजला. तात्या गिळत होते म्हणूनच. बेशुद्ध असते तर तोंडात थेंबही घातला नसता, सरळ 108 बोलावली असती. उरलेला खडा त्यांनी स्वतःच हातात घेऊन चघळला. 15 मिनिटं थांबून परत तपासलं तर 212! एक क्षण मीही चक्रावले. मग बोटाकडं लक्ष गेलं, गुळानं चिकट झालेलं. साबणानं हात धुवून, पुसून पुन्हा थेंब घेतला. 76. मगाशी मशीननं बोटावरचा गूळ मोजला होता.

तात्या भानावर आल्यावर उलगडा झाला. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात सकाळची होती. सात वाजता गोळ्या घेतल्या, न खाता उसाला दारं धरायला गेले, भाकरी मागनं येणार होती ती आलीच नाही. पोट रिकामं, वर चिखलातलं काम, आणि ग्लिमेपिराइडला तुम्ही जेवला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ती शुगर उतरवत राहते.

मावशी, म्हणजे त्यांची बायको, तोवर गप्पच होती. मग म्हणाली, "परवा रातीबी असंच घामानं चिंब झालतं. पर बोलले तर प्वार म्हणणार, चोरून काय खाल्लं आसंल."

सून परत आली. सगळं ऐकून माझ्याकडं वळली. "तुम्हीच सांगितलं हुतं की, मॅडम."

सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांची तीन महिन्यांची शुगरची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेनऊ टक्क्यांच्या घरात आली, तेव्हा मीच याच पायरीवर बसून म्हणाले होते, साखर यांच्या हाताला लागू देऊ नका. बिचारीनं शब्दशः पाळलं. शुगर उतरली तर काय होतं, काय करायचं, यावर मी एक अक्षर बोलले नव्हते. घरातल्या चारही माणसांना मी राखणदार करून ठेवलं होतं. त्यातला एक फितूर निघाला म्हणून निभावलं.

तात्यांना भाकरी-आमटी खायला लावून आरोग्य केंद्रात नेलं. गुळाचा जोर तासाभरात ओसरतो, गोळीचा दिवसभर राहतो, म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं. डोस निम्मा केला, किडनीची तपासणी लिहून दिली. ही गोळी घासाबरोबरच घ्यायची, त्याआधी नाही, हे मुलाकडून तीनदा वदवून घेतलं. मुलगा त्या दिवशी खाली मान घालूनच होता.

आता तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात तीन चमचे साखरेची पुडी असते. मावशीला सांगितलंय, घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं दिसलं की आधी पुडी, चौकशी मागनं. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला आली. लाईट सकाळची असो की रात्रीची, भाकरी बांधून दिल्याशिवाय सून त्यांना उंबरा ओलांडू देत नाही.

परवा गेले तेव्हा पुड्यांचा हिशेब विचारला. आठवड्यात चार संपल्या, तात्या म्हणाले, लई घाम येतोय हल्ली. नातवानं त्यांच्या पाठीमागनं मला एक बोट दाखवलं.