सासवडचा दुसरा मुक्काम

वारीतल्या दिवे घाटाची धास्ती मी वर्षभर मनात धरून होते. वय ५२, दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली. फिजिओथेरपिस्टनं फेब्रुवारीपासून व्यायाम लावून दिला होता. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. एकही दिवस चुकवला नाही.

घाट चढले. पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वर, पण पुढेमागे टाळ वाजत होते आणि पावलं तालात पडत होती. दुखत होतं, तरी चालता येत होतं.

अवघड झालं ते दुसऱ्या दिवशी पहाटे. तंबूत सतरंजीवर झोपले होते. उठायला गेले तर गुडघे लाकडासारखे. गुडघा वाकेना, पाय जवळ घेता येईना. बायका अंघोळी उरकून आल्या, तरी मी तशीच. डोळ्यांत पाणी आलं. सासवडला माउलींचे दोन मुक्काम असतात. म्हटलं, आज दिवसभर पडूनच राहावं.

शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या. डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. त्या म्हणाल्या, "पडून राहू नगं, माय. बसलं की आखडतंय." मला झोपल्या जागीच टाचा पुढेमागे सरकवायला लावल्या, वीसेक वेळा. मग कुशीवर वळायचं, हात टेकायचे, मग उठायचं. झिजेच्या दुखण्यात पहाटेचा ताठरपणा बहुतेकदा अर्ध्या तासात उतरतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. त्या वेळी आठवलं मात्र नाही. (तासाहून जास्त टिकला, सांधे सुजले, तर दुखणं वेगळं असू शकतं, तेव्हा अंगावर काढू नये.)

मावशी मला कऱ्हेकाठी सोपानकाकांच्या समाधीला घेऊन गेल्या. हळूहळू, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. परतताना हात काढून घेतला होता.

त्यानंतर विसाव्याला मी कधी फार वेळ बसले नाही. जेवायला खाली न बसता स्टूल मागून घेतलं, आणि दिंडीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

लोणंदला रात्री मावशींच्या खांद्याला तेल लावायला बसले, तर उजवी बाजू दगड झालेली.

"कधीपासनं दुखतंय, मावशी?"

"जेजुरीपासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जरा जोरानं चोळ," म्हणाल्या आणि डोळे मिटले.